राखेचं विरजण

“काय गं वैजू, बिनधुराचा स्टोव्ह म्हणालतीस न्हवं?” शेजारच्या हौसाक्कानं कुंपणावरून मान उंच करून विचारलं. “मग ह्यो ढग कुठनं आलाय?”

मी परसातल्या पत्र्याच्या छपराखाली स्टोव्हसमोर उकिडवी बसून डोळे चोळत होते. मागं पायरीवर माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, तोंडाला पदर लावून खोकत होत्या. हौसाक्काला काहीतरी खणखणीत उत्तर द्यावं असं फार वाटत होतं, पण तोंड उघडलं की धूर आत जात होता. त्यामुळे त्या दिवशी ती वाचली.

गडहिंग्लजच्या बाजूचं आमचं गाव. गोष्ट जुनी आहे. माझा मुलगा तेव्हा रांगत होता, आणि आता तो मला मोबाइल कसा धरायचा ते शिकवतो. घरात गॅस होता, पण चहापुरता आणि पाहुण्यांपुरता. सिलिंडर संपला की तालुक्याला हेलपाटा, म्हणून भाकरी, आमटी, आंघोळीचं पाणी, म्हशीचं आंबोण सगळं चुलीवर. आत्तींचा जन्म त्या चुलीपुढं गेला होता आणि छातीचा पार भाता झाला होता. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं, “आजी, औषध मी देईन. पण घरातला धूर बंद झाला नाही तर पुढचा हिवाळा तुम्हाला झेपायचा नाही.” आत्तींनी शहाण्यासारखी मान डोलावली, घरी आल्या आणि पहिलं काम काय केलं, तर चुलीत लाकूड सारलं.

अशात कोल्हापूरच्या एका संस्थेनं आमच्या बचत गटातल्या काही बायकांना हा स्टोव्ह वापरून बघायला दिला. डब्यासारखा गोल, स्टीलचा, बुडाशी बारका पंखा. लाकूड नाही. शेंगांची टरफलं आणि उसाची चिपाडं दाबून केलेल्या खडूसारख्या कांड्या त्यात भरायच्या, वरून पेटवायच्या आणि पंख्याचं बटण दाबायचं. जाळ सरळ वर, धुराचं नाव नाही. अट एकच होती. स्टोव्ह रोज साफ करायचा. उन्हाळा संपायच्या आत संस्थेच्या मृणाल मॅडम येऊन बघणार होत्या. ज्यांचा स्टोव्ह नीट चालेल त्यांच्याकडे तो राहणार, ज्यांचा धूर करेल त्यांच्याकडून उचलून पुढच्या बाईला देणार. आमच्या वाडीत ती पुढची बाई हौसाक्का होती. तिची मान कुंपणावरून एवढी का लांबत होती ते आता कळलं असेल.

मी आत्तींच्या मागं लागून, रुसून, नातवाची शपथ घालून चूल मोडायचा होकार मिळवला होता. चूल त्यांनी स्वतःच्या हातानं मोडली. “तू जा, म्हशीला पाणी दाव,” म्हणून मला तिथून घालवलं. मला वाटलं, बाईमाणसाचं मन आहे, एकटीनं मोडू दे.

पहिले काही आठवडे स्टोव्ह गुणी पोरासारखा वागला. आत्ती रात्री झोपू लागल्या. त्यांचा खोकला थांबल्यावर घर इतकं शांत झालं की पहिल्या रात्री मीच दचकून उठले आणि त्यांच्या नाकापुढं हात धरून बघितला. त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, “जित्ती हाय, झोप.”

तेव्हा मी राख कशी तरी झटकून टाकत असे. मग गटाची बैठक झाली. तिथं मॅडमनी सांगितलं की स्टोव्हच्या तळाशी जाळी असते, तिच्या भोकांतून हवा येते. राखेनं भोकं बुजली की जाळाचा जीव गुदमरतो आणि धूर होतो. झालं, माझ्या अंगात आलं. संध्याकाळी स्टोव्ह गार झाला की, दिवे लागायच्या आत, कारण दिवे लागल्यावर राख घराबाहेर टाकायची नाही ही आत्तींची ताकीद, मी मांडी घालून बसायची. स्टोव्ह उलटा करून थोपटायचा. जाळीवर चिकटलेले राखेचे खडे उलथन्याच्या टोकानं उचकटायचे. सायकलची जुनी तार घेऊन एकेक भोक मोकळं करायचं. रंगाऱ्याच्या ब्रशनं कड झाडायची. खालचा कप्पा ओढून तोही ओल्या फडक्यानं पुसायचा. मग सगळी राख टोपलीत भरून वांग्यांच्या वाफ्यात. त्या राखेनं वांग्यांवरची कीड जाते. स्टोव्ह असा लख्ख करायची की त्यात तोंड बघून कुंकू लावावं.

“अगं, जाळी झिजंल,” आमचे हे म्हणायचे. “आता म्हशीचे दातबी घासतीस काय?”

आणि नेमकं तेव्हापासून स्टोव्ह धूर करायला लागला. घाण होता तोवर चांगला चालला आणि साफ केला तसा बिघडला. हा काय न्याय?

मी स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या बाबालालला बोलावलं. त्यानं पंखा उघडला, फुंकला, परत बसवला. दोन वेळा पोहे खाल्ले आणि निदान केलं, “वैनी, कांड्या दमट हायत.” मी कांड्या पत्र्यावर वाळत घातल्या. त्या इतक्या वाळल्या की हातात धरल्या तर भुगा व्हावा. तरी धूर. मग माझा संशय हौसाक्कावर गेला. माझ्या पाठीमागं येऊन काहीतरी करत असेल! मी डोळ्यांत तेल घालून तिच्यावर पाळत ठेवली. त्या पाळतीत मला एवढंच कळलं की ती नवऱ्याला चोरून दुपारी दोनदा चहा करून पिते.

इकडे आत्तींचा खोकला परत सुरू झाला. रात्री भिंतीला टेकून बसायच्या. छातीतून वाजणारा आवाज ऐकून मी उठायची आणि त्यांची पाठ चोळत बसायची. आणि निरोप आला की गुरुवारी मॅडम येणार.

मंगळवारी संध्याकाळी मी स्टोव्ह साफ केला, म्हैस पिळली आणि डेअरीला निघाले. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले तेव्हा लक्षात आलं की किटलीचं झाकण घरीच राहिलं. माघारी फिरले. परसातून आत येते तर आत्ती स्टोव्हपुढं बसलेल्या. शेजारी एक काळं, काठ फुटलेलं मडकं. त्यांनी मडक्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठ भरून वर काढली, माझ्या लख्ख जाळीवर राख सोडली आणि तळहातानं हळूच पसरली. मग हात जोडले आणि वरून कांड्या भरायला घेतल्या, रोज मी डेअरीहून यायच्या आत भरून ठेवायच्या तशाच.

“आत्ती! काय करालाईसा?”

त्यांचा हात स्टोव्हवर तसाच राहिला. चोरून गूळ खाताना सापडलेल्या पोरासारखं तोंड झालं.

“काय न्हाई. राख.”

“राख? मी आत्ताच काढली की सगळी!”

“सगळी काढलीस म्हणून तर.” त्यांनी हात पदराला पुसला. “सगळी कशाला काढायची? दही खाल्लं तर भांडं पार घासून ठेवतीस व्हय? चमचाभर विरजणाला राखतीस न्हवं? तसंच हे. चूल पार रिकामी ठेवू न्हाई.”

“राखेचं कसलं आलंय विरजण!” माझा आवाज चढला. “ह्याच राखेनं भोकं बुजत्यात. मी येड्यागत कांड्या वाळवत बसलोय, बाबालालला पोहे घालत बसलोय, आणि तुम्ही रोज...”

“रोज मूठभरच.”

“मूठभरानंच धूर होतोय, आत्ती! आणि खोकतंय कोण?”

“खोकला माझा हाय. माझं मी बघीन.”

“तुमचा खोकला, पर जागतो आम्ही. गुरुवारी मॅडम स्टोव्ह उचलून हौसाक्काच्या पदरात घालतील. मग बसा पुन्हा चूल फुंकत!”

आत्ती उठल्या. मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलं, ते ज्वारीच्या कणगीमागं सारलं आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. रात्री अर्धी भाकरी खाल्ली. मीही काही कमी नव्हते. त्यांनी अबोला धरला तर मी त्याच्या दुप्पट धरला. आमच्या दोघींच्या मधे बसून हे जेवत होते. “कालवण लई झ्याक झालंय,” एवढं एक वाक्य त्यांनी तीन वेळा म्हटलं आणि ते कुणीच झेललं नाही.

सकाळी त्यांनीच तोडगा काढला. “राख जाळीवर नको, बरोबर? मग खालचा कप्पा हाय की. मूठभर तितं ठेव म्हणावं. ना धूर, ना भांडण.” शेती सोडून हा माणूस वकिली का करत नाही असं मला वाटायचं ते अशा वेळी.

आत्तींनी काही न बोलता कप्प्यात मूठ सोडली. मी काही न बोलता वरची जाळी मोकळी केली, कांड्या भरल्या, पेटवल्या. जाळ सरसर वर आला. धुराचा एक धागा नाही. आत्तींनी मुकाट्यानं परात ओढली आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. शेवटची भाकरी होईपर्यंत त्या एकदाही खोकल्या नाहीत. मी मनात म्हटलं, बाई जिंकली, बिचारीचा हट्ट राहू दे, उद्याचा दिवस पार पडू दे.

गुरुवारी मृणाल मॅडम आल्या. तिशीची पोर, सुती कपडे, खांद्याला पिशवी, बोलायला गोड. त्यांच्या मागोमाग हौसाक्काही आली. हातात रिकामी वाटी. “साखर मागायला आलेलो,” म्हणाली आणि वाटी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली.

मी स्टोव्ह पेटवला. जाळ असा लागला की मॅडमनी टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या. भोवती फिरून बघितलं, वास घेतला, पांढरा रुमाल जाळावर वरून धरला आणि उलटून पाहिला. काजळी नाही. हौसाक्काचं तोंड उतरलं. आत्ती पायरीवर बसून लेकराला मांडीवर नाचवत होत्या.

“छान सांभाळलाय हो, वैजयंताताई,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी स्टोव्ह गार होऊ दिला आणि वाकून खालचा कप्पा ओढला. “अरे, ही राख राहिली की! कप्पासुद्धा कोरा लागतो. पंख्याची हवा याच्यावरूनच जाते. राख आत ओढली गेली तर पंखा महिन्याभरात बसेल.”

ह्यांची वकिली इथं आडवी आली होती.

“टाकते मी,” म्हणून मॅडम कप्पा घेऊन उठल्या. “कुठं टाकता?”

“त्या वांग्यांत,” हौसाक्का तत्परतेनं म्हणाली. “वैजू रोज तितंच टाकती.”

आणि आत्ती उठल्या. भिंत धरल्याशिवाय ज्यांना उठता येत नव्हतं, त्या लेकराला खाली ठेवून एका झटक्यात उठल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी कप्पा धरला.

“न्हाई टाकायची ती.”

“आजी, राखच आहे नुसती.”

“तुमाला राख हाय.” आत्तींना धाप लागली होती, पण हात सुटला नाही. “माझी सासू ह्या घरात आली तवा तिच्या आईच्या चुलीतली चिमूट तिच्यासंगट आली. मी आले तवा माझ्या आईच्या चुलीतली. ती हितल्या चुलीत मिसळायची आन् मग चूल कवाबी पार रिकामी करायची न्हाई. थोडी काढायची, थोडी ठेवायची. म्हंजे सगळ्याजणी राहत्यात. चूल मोडली तवा मी ती मडक्यात भरली.” त्या थांबल्या. माझ्याकडं बघितलं, परत मॅडमकडं बघितलं. “हिच्या आईनं पाठवणीला माझ्या मुठीत दिलेली. विड्याच्या पानात बांधून.”



माझी आई माझ्या लग्नानंतरच्या पावसाळ्यात काविळीनं गेली. भावानं घर पाडून नवं बांधलं. आता तिथं ओटा आहे, फरशी आहे, नळ आहे, आणि आईचं म्हणावं असं काही नाही. माझ्याकडं तिचं एक लुगडं आणि एक फोटो, त्यातही ती हलली आहे. आणि ती इथं होती. माझ्याच घरात, माझ्याच भाकरीखाली. आणि मी सायकलची तार घेऊन एकेक भोक कोरून तिला बाहेर काढत होते.

“मला का नाही सांगितलंसा, आत्ती?”

“कसं सांगणार? आईचं नाव काढलं की तुझा घास खाली जायचा न्हाई. दोन दोन दिवस उपाशी बसायचीस. अंगावर पाजतं लेकरू.” त्या जराशा खेकसल्याच. “म्हटलं, हिला कशाला सांगा, माझी मी घालीन रोज मूठभर, मिसळत राहील. पर तुझा हात! एक कण म्हणून ठेवीनास. आज घालावी, उद्या वांग्यांत. मडकं तळाला आलं की गं!”

मी मॅडमच्या हातातून कप्पा घेतला. “मॅडम, ही राख ह्या घरातच राहणार. चालत नसंल तर स्टोव्ह न्या.”

“अगं ए, खुळी का काय!” आत्ती माझ्यावर ओरडल्या. “स्टोव्ह कशाला देतीस? आता कुटं झोप लागाय लागल्या मला!”

“मग राख टाकू?”

“राखबी टाकू नकोस!”

“मग काय करू, आत्ती?”

“ते मला काय ठावं? शिकलीस न्हवं तू बारावी?”

हौसाक्कानं वाटी बाजूला ठेवून नाक पुसलं. “मला नगं बाई ह्यांचा स्टोव्ह,” ती म्हणाली. “एवढ्या बायका आत बसलेल्या, मी कुटं भाकरी भाजू त्यावर?”

मॅडमना हसू आवरेना. हसताना त्यांनीही डोळे टिपले, ते मी बघितलं. पण नियमाच्या बाबतीत बाई पक्की होती. “कप्पा मात्र कोराच लागेल हं,” त्या म्हणाल्या. “मी आज बघून गेले आणि उद्या पंखा बसला, तर त्रास आजींनाच व्हायचा.”

त्यांचं चुकत नव्हतं. मी आत गेले. देवळीत आत्तींची पितळी डबी होती, फिरकीच्या झाकणाची. पूर्वी त्यात त्या हळद ठेवायच्या. ती घासून पुसून आणली, कप्प्यातली राख तीत ओतली आणि झाकण घट्ट फिरवलं. मग ओल्या फडक्यानं कप्पा कोरा केला आणि डबी स्टोव्हला लागूनच, बाहेरच्या बाजूला, उबेला ठेवली.

“आणि आता असं करायचं,” मी आत्तींना म्हटलं. “विरजण नुसतं घालत राहिलं तर संपणारच की. दह्यातलं पुन्हा काढूनबी ठेवायला लागतंय. रोज मी स्टोव्ह पार साफ करणार. पर टोपली वांग्यांकडं न्यायच्या आधी चिमूटभर नवी राख ह्या डबीत. जुन्यात नवी मिसळायची. डबी भरली की मडक्यात. मडकं कवाच तळाला जायचं न्हाई.”

आत्तींनी डबी उचलून हलवून बघितली. मग मान डोलावली. ही मान डॉक्टरांपुढं डोलावली होती तशी नव्हती. त्यांना पटलं होतं.

“बारावी वाया न्हाई गेली,” त्या म्हणाल्या.

मॅडमनी स्टोव्ह आमच्याकडं राहणार असं सांगितलं, चहा घेतला, आणि जाताना आत्तींच्या पाया पडल्या. हौसाक्काला पुढच्या खेपेला नवा स्टोव्ह मिळेल असंही कबूल केलं. हौसाक्का साखर घेऊन गेली. मी वाटीवर शीग येईपर्यंत घातली.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी छपराखाली बसून मडक्याच्या तळाची राख सारखी करत होतो. बारीक, मऊ, राखाडी. कुठली कुणाची ते कळायला काही मार्ग नव्हता. मी बोटांनी चाळवत राहिले.

“आत्ती, आईनं पानातली पुडी देताना काही म्हटलं होतं?”

“म्हटलं की.”

“काय?”

आत्तींनी ओठ मिटून हसू दाबलं. “न्हाई सांगत. रागावशील.”

“सांगा की हो.”

“म्हणाली, विहीणबाई, पोर गुणाची हाय, सैपाकाला हात गोड हाय. पर चुलीतली राख काढायचा तिला लई कंटाळा. ढीग साठला तरी ढुंकून बघायची न्हाई. तेवढं एक सांभाळून घ्या.”

खरं होतं. अगदी खरं होतं. माहेरी राख काढायची वेळ आली की मला नेमका शाळेचा अभ्यास आठवायचा, पोटात दुखायचं, मैत्रीण हाक मारायची. आई ओरडायची आणि स्वतःच टोपली घेऊन बसायची. ती गेल्यापासून तिचं सगळं बोलणं मी मनात इतक्या वेळा फिरवलं होतं की ते झिजून गेलं होतं. आता तिचं काही नवं ऐकायला मिळेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि ऐकायला मिळालं ते काय, तर माझी तक्रार! तीही तिच्या त्याच आवाजात, अर्धी लाडात, अर्धी वैतागून.

मी हसायला लागले. हसता हसता कधी रडायला लागले ते मलाच कळलं नाही. मुलगा रांगत येऊन माझ्या तोंडाकडं बघायला लागला. आत्तींनी त्याला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं पिठाचा डबा ओढला.

“रड, पोटभर रड,” त्या म्हणाल्या. “पर आज उपाशी झोपायचं न्हाई. सांगून ठेवते.”

त्यांनी भाकरी थापली, मी जाळ केला. आणि त्या रात्री पहिल्यांदा आईच्या गोष्टी सांगत सांगत मी पोटभर जेवले.